थारचं मडफ्लॅप किट : एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम काढल्यानंतर

माझ्या थारचा मागचा डावा मडफ्लॅप, म्हणजे चाकामागं लोंबणारा रबरी पडदा, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर तुटून पडला, म्हणून हे लिहायला घेतलं. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं : झिजणाऱ्या मालाला वॉरंटी नाही. पण फ्लॅप झिजलेलाच नाही. रबर नव्यासारखं आहे, फक्त वरची तिन्ही भोकं खालच्या बाजूला फाटलीत.

दोष वॉशरचा आहे. किटमध्ये ६ मिमी बोल्टला १२ मिमी व्यासाचा साधा वॉशर दिलाय. म्हणजे भोकाच्या कडेला रबर धरायला जेमतेम ३ मिमी पत्रा. लाल चिखलानं फ्लॅप जड झाला, की प्रत्येक खड्ड्यात बसणारा हिसका तेवढ्याशा कडेवर येतो आणि बोल्ट रबर कापत खाली सरकतो. त्याच बोल्टला १८ मिमीचा रुंद वॉशर कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतो, आणि पकड जवळजवळ दुप्पट होते. एवढ्या महागाच्या किटमध्ये नेमकी तिथंच काटकसर केलीय, याची चीड येते.

नुसता मोठा वॉशरही अर्धाच उपाय. फ्लॅपच्या पूर्ण रुंदीची २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टी मागून लावा, कडा कानशीनं गोल करा, तिच्यातून बोल्ट घ्या आणि नायलॉकच नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा. साधा नट या रस्त्यांवर ढिला होतोच. अॅल्युमिनियमची पट्टी आणि स्टेनलेस बोल्ट अशी जोडी नको. पावसाळ्यात बोल्टभोवती पट्टी पांढरी पडून खाल्ली जाते. चाकाच्या कमानीच्या आतल्या प्लास्टिक लायनरमध्ये आवळलेल्या स्क्रूवर तर भरवसाच ठेवू नका. बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलं तर चारही चाकांच्या पट्ट्या आणि ब्रॅकेट एकदम होतात.

आता रबर. बेळगाव-चिकोडी भागात साखर कारखाने भरपूर, त्यामुळं जुना कन्व्हेयर बेल्ट (माल वाहून नेणारा पट्टा) भंगारात मिळतो, फ्लॅप त्यातूनच कापून घ्या. आत कापडाचे थर असतात, म्हणून भोक सहज फाटत नाही. ६ मिमी जाडी पुरे. १० मिमीचा इतका जड होतो की ब्रॅकेट वाकणाच्या जागी तडकतो. आत कापडाऐवजी पोलादी तारा असलेला बेल्ट घेऊ नका, कापायलाच दिवस जातो.

पावसाळ्यात बेल्टबद्दल मत फारसं चांगलं नव्हतं. कडक असतो, रिव्हर्स घेताना दगडावर टेकला की स्वतः दुमडण्याऐवजी ब्रॅकेट वाकवतो. ऊस हंगामात मत बदललं. मोकळ्या खडीच्या रस्त्यावर वेग धरला की किटचा पातळ फ्लॅप वाऱ्यानं मागं उडतो आणि खडी त्याच्या खालून निसटते; बेल्ट सरळ लोंबत राहतो. रिव्हर्सची अडचण सोपी आहे : खालच्या कोपऱ्यात भोक पाडून साखळीचा तुकडा लावा, जंगलवाटेला लागण्याआधी फ्लॅप वर ओढून हुकाला अडकवा.

माप असं : जमिनीपासून १० सेंमी, तेही गाडी भरलेली असताना. टायरपासून ७-८ सेंमी मागं, टायरपेक्षा बाहेरून २ सेंमी रुंद. पुढच्या चाकाला स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. पैसे कमी असतील तर आधी पुढचेच फ्लॅप करा, कारण दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकाच्या कमानीची पुढची कड पुढचं चाकच फोडतं. मडगार्डबाहेर आलेले रुंद टायर बसवले असतील तर फ्लॅप कितीही चांगला असो, खडी बाजूनं दारावर येणारच.

पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) पूर्ण गाडीला लावणं इथं पैशाची नासाडी. क्रशरच्या खडीला धारदार कोपरे असतात, मोठा दगड फिल्म कापून रंगापर्यंत जातो. फक्त मागच्या कमानीची पुढची कड आणि दाराखालची पट्टी करून घ्या. धुताना प्रेशरची नळी फिल्मच्या कडेपासून फूटभर लांब. रबरी अंडरबॉडी कोटिंग करणार असाल तर मेस्त्रीजवळ उभं राहा : दाराखालच्या पोकळ पत्र्यात पाणी निघायला भोकं असतात, ती कोटिंगनं बुजली की गंज आतूनच लागतो. सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टवर फवारा नको.

गाडीच्या पोटाखालच्या स्किड प्लेटबद्दल (दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा) तक्रार एवढीच, की तिच्यावर खडी साठते आणि खडखडाट होतो. आवाज आला की बोल्ट काढून झटकून घ्या.

ग्रिलमागं जाळी हवीच. पुढं एसीचा कंडेन्सर असतो, पातळ पात्यांचा. एक दगड घुसला की गॅस गेला. जाळीचं भोक ५-६ मिमीचं ठेवा. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी हवा अडवते, चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो.

पुढच्या काचेला मात्र यातलं काहीच वाचवत नाही. ऊस ट्रॅक्टर आणि टिप्परच्या मागं अंतर ठेवा, समोरून गाडी आली की वेग उतरवा. टवका उडालाच तर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावा, धूळ-पाणी आत जाऊ देऊ नका, एसीची थंड हवा काचेवर सोडू नका. टवका छोटा, कडेपासून लांब आणि चालकाच्या नजरेबाहेर असेल तर रेझिन भरून काच वाचते. बाजूच्या आणि मागच्या काचेला ही सोय नाही. ती टफन्ड असते, फुटली की सगळी चुरा होते.