मिशनवरची मुलं आणि घरचा फोन: आधी आणि आता

मॉर्मन चर्च हा अमेरिकेत सुरू झालेला एक धर्मपंथ. त्याची मुलं ऐन विशीच्या उंबरठ्यावर मिशनवर, म्हणजे घरापासून लांब, दारोदार धर्मप्रचाराला जातात. मुलगे दोन वर्षं, मुली १८ महिने. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मुलाला ब्राझीलची नेमणूक आली, की पोर्तुगीज शिकायची आणि निघायचं.

फेब्रुवारी २०१९पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा: नाताळला आणि मदर्स डेला. एरवी आठवड्याला ईमेल, त्याही आधी पत्रं. आता दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी, म्हणजे कपडे धुणं, बाजारहाट उरकायच्या दिवशी, व्हिडिओ कॉलही करता येतो.

जुन्या पद्धतीचा एक गुण मला मनापासून मान्य आहे. घरचा आधार लांब असला की परकी भाषा लवकर आपली होते. समोरच्या माणसाशीच बोलावं लागतं. शिवाय पत्रं राहतात, जपता येतात.

तरीही मी नव्या पद्धतीच्याच बाजूने आहे. दिवसभर दारं तोंडावर बंद होतात, सोबती चर्चने नेमलेला, आणि त्याच्याशी पटलं नाही तरी एकाच घरात राहायचं. अशा वेळी पोर ईमेलमध्ये ‘मी मजेत आहे’ लिहून मोकळं होतं. कॉलवर मात्र आईला उतरलेला चेहरा दिसतो, आवाजातला कढ कळतो.

कुणाकुणाला दर फोननंतर घराची आठवण पुन्हा छळते, हेही खरं. पण दर आठवड्याला फोन केलाच पाहिजे अशी सक्ती नाही. किती वेळा करायचा ते त्या मुलावरच सोडलंय.