कोझुमेलची कॅटामरान सहल: मिशीवाल्यांनी आणि पोहता न येणाऱ्यांनी आधी वाचावं

मे महिन्यात आमची संत्र्याची बाग ताणावर असते. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहारासाठी, पाणी तोडलेलं असतं, पाऊस येईपर्यंत बागेत फारसं काम नसतं. त्यामुळे मुलीचा फ्लोरिडाहून फोन आला, "बाबा, या खेपेला मायामीहून क्रूझवर जाऊ," तेव्हा नाही म्हणायला कारणच सापडलं नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या बऱ्याच घरची पोरं आता तिकडे आहेत आणि आईबाप उन्हाळ्यात जाऊन येतात. त्यांच्या कामी यावं म्हणून लिहितो. क्रूझवरच्या जेवणावर आणि खोल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एकाच दिवसाचं सांगतो: मेक्सिकोचं कोझुमेल बेट आणि तिथली कॅटामरानवरून स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहायची, सहल. अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, ती काळजी नको.

कॅटामरान म्हणजे दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून वर माचा टाकावा तशी शिडाची बोट. रुंद असल्यामुळे डोलते कमी. पुढच्या भागात दोन डोंग्यांच्या मध्ये जाळी ताणलेली असते, तिच्यावर लोक उताणे पडतात आणि खालून पाणी उडतं. शीड पाहून भुलू नका. जाताना इंजिनच चाललं, शीड उघडलं ते परतीला, वारा मागून होता तेव्हा.

निवड कशी केली ते सांगतो, कारण खरी डोकेफोड तिथेच झाली. जहाजाच्या काउंटरवर मिळणारी सहल माणशी ९५ डॉलर. बोट मोठी, साठेक माणसं, पाण्यात उतरायचं ठिकाण एक, मग किनाऱ्यावर मोकळा वेळ. जावईबापूंनी नेटवर काढलेली बाहेरची सहल ७० डॉलर, पंचवीस माणसं, ठिकाणं तीन: पलांकार आणि कोलंबिया ही प्रवाळाची, आणि एल सिएलो. फरक फक्त पैशाचा नाही. जहाजाने विकलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरची उशिरा आली तर ते निघून जातं आणि पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठावं लागतं. वरचे २५ डॉलर म्हणजे विम्याचा हप्ता समजा.

मी दोन्हीकडे एकच विचारलं, चार तासांतली पाण्यातली मिनिटं किती? काउंटरवरची मुलगी थोडी थांबून म्हणाली, पंचेचाळीस. बाहेरच्यांनी दोन ठिकाणी अर्धा-अर्धा तास आणि एल सिएलोला जवळपास तासभर सांगितला. एल सिएलोला पांढरी रेती आणि कमरेएवढं पाणी असतं हे कळलं तिथेच माझा निकाल लागला. सौभाग्यवतीला पोहता येत नाही. ती आधीच मुलीला बजावून बसली होती, "मी नाही येत वो पाण्यात. तुया बापालेच ने." आम्ही बाहेरची घेतली.

मी विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. मला वाटलं, यात काय नवीन! नवीन होतं ते मिशीचं. मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला तरच पाणी आत येत नाही, आणि मिशीवर रबर चिकटत नाही. पहिली दहा मिनिटं नाकाच्या खाली पाणी साचत राहिलं, दर थोड्या वेळाने डोकं वर काढून ते सांडायचं. शेवटी गाइडने खिशातून व्हॅसलिनची डबी काढली आणि मिशीला थापलं. मग बरंच जमलं. काच धुरकट होऊ नये म्हणून त्याने मास्कात थुंकायला सांगितलं तेव्हा मुलगी माझ्याकडे बघून हसली. थुंकी चोळून खळखळून घेतली की खरंच स्वच्छ दिसतं. आणखी एक, खर्ऱ्याने (सुपारी-तंबाखूने) ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही त्याने नळीचं रबर तोंडात बसतं का ते घरीच पाहावं. माझ्या ओळखीत असे चार जण आहेत.

पलांकारला पाणी स्वतःच वाहवत नेतं. हात मारायचेच नाहीत, बोट मागून येते. खाली घराएवढे प्रवाळाचे ढिगारे, जांभळे पंखे डोलतायत, आणि पोपटासारख्या चोचीचे मासे दगड कुरतडतायत. कान पाण्यात असल्याने तो कुरतडण्याचा आवाज स्पष्ट येतो. रात्री गोठ्यात बैल कडबा चावतात ना, तसा. त्यासाठी मी पुन्हा पैसे देईन.

काही गोल प्रवाळांवर पांढरे चट्टे होते. बागायतदाराची नजर, लगेच तिथे गेली. गाइड म्हणाला, रोग आहे, मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर २०१८ मध्ये आला. २०१९ मध्ये दक्षिणेकडचा हा भाग काही काळ पर्यटकांना बंदही ठेवला होता. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागलेलं झाड पाहिल्यासारखं वाटलं, फरक एवढाच की इथे खोड खरवडून बोर्डोपेस्टचं औषध लावता येत नाही. प्रवाळाला इजा नको म्हणून सनस्क्रीन फासून उतरू देत नाहीत. आम्ही लांब बाह्यांचे बनियान घातले आणि बोटीवर डोक्याला दुपट्टे बांधले. ४५ डिग्रीत राहणाऱ्यांना कोणी ऊन शिकवू नये.

एल सिएलोला आमची बाई शिडीने उतरली. आधी दोन्ही हात शिडीला, मग एक, मग जावयाचा हात धरून उभी राहिली. पायाशी भाकरीएवढा तारामासा. "मामाजी, हात नका लावू," जावईबापूंनी मलाच दटावलं. पाण्याबाहेर काढला की तो मरतो. बाईला तासाभराने बोलावून बोलावून वर आणावं लागलं.

आता तक्रारी. चार मास्कांपैकी एकाचा पट्टा तुटका निघाला आणि बदलून मिळायला वेळ गेला. समुद्री उद्यानाचं शुल्क सत्तरात धरलेलं नव्हतं, ते बोटीवर चढल्यावर कळलं. गाणी कान किटेपर्यंत मोठ्याने. शाकाहारी म्हणून मिळाली ॲव्होकॅडोची चटणी आणि मक्याचे चिप्स. चटणीत कांदा, लिंबू, सांभार (कोथिंबीर) सगळं होतं, तिखट तेवढं विसरले होते.

सगळ्यात मोठी गोष्ट घड्याळाची. उन्हाळ्यात मायामीची वेळ कोझुमेलच्या तासभर पुढे असते आणि आमचं जहाज मायामीचीच वेळ धरून चाललं. बेटावर उतरताच सगळ्यांचे मोबाइल आपोआप तासाने मागे गेले. परतीला जावईबापू मोबाइल पाहून म्हणाले, "भरपूर वेळ आहे, बाजारात चक्कर मारू." माझ्या मनगटावर चावीचं एचएमटी, त्याला कोझुमेल काय माहीत! त्यात जहाजावर चढायच्या शेवटच्या वेळेला पस्तीस मिनिटं उरली होती. बाजार राहिला. धक्क्यावर बाई चप्पल हातात घेऊन चालत होती आणि जावईबापू एक शब्द बोलत नव्हते.

बोटीवरच्या फोटोवाल्याने सगळे फोटो ४० डॉलरला देऊ केले होते, मी नको म्हणालो. पाण्यात उभ्या असलेल्या बाईचा फोटो त्यातच होता. तेवढे घ्या.