वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक: पंप, पाइप की टाकीची उंची?

गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरणाऱ्या इमारतीत सगळं उलटं असतं. तळमजल्यावर नळ फवारतो आणि टाकीच्या अगदी खाली राहणारे बादली भरायची वाट बघतात. दाब ठरतो उंचीवर: दहा मीटरला साधारण एक बार (दाबाचं एकक). टाकीतलं पाणी तुमच्या शॉवरच्या अडीच मीटरच वर असेल, तर मिळणार पाव बार. एवढ्यात मोठा रेन शॉवर नुसता ठिबकतो.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो प्रेशर पंपाचा. तो घेण्याआधी बाथरूममधला एकच नळ पूर्ण उघडा, मग स्वयंपाकघरातलाही. एकटा नळ बरा चालतो पण दुसरा उघडताच मरतो, तर दुखणं बहुधा पाइपात आहे. एकटा असतानाही मंद, आणि तेही सगळ्या घरात, तर उंची कमी आहे किंवा मुख्य लाइन तुंबली आहे. एकाच नळाला त्रास असेल तर तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजत घाला, विषय संपला. टाकी धुतल्यानंतर अचानक धार गेली असेल तर लाइनमध्ये हवा अडकली असेल किंवा गाळ उतरला असेल.

जुन्या इमारतींतले जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप आतून गंजतात. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर क्षारांचा थर चढतो आणि पाऊण इंचाचा पाइप आतून अर्ध्या इंचाचा होतो. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे, कारण तेवढ्याच दाबावर पाऊण इंचातून अर्ध्या इंचाच्या अडीचपटीहून जास्त पाणी जातं. अशा लाइनवर पंप बसवला तर धार थोडी सुधारते, पण गंजलेले सांधे गळू लागतात. माझं मत स्पष्ट आहे: जीआय असेल तर आधी सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारे प्लॅस्टिकचे पाइप), पंपाचं नंतर बघू. टाइल्स फोडायच्या नसतील तर पाइप भिंतीवरून उघडा न्या. दिसायला वाईट, पण पुढची दुरुस्ती सोपी.

पाइप चांगले आणि उंचीच कमी, तिथे मात्र पंपाला तोड नाही. पंप फक्त तुमच्या स्वतंत्र लाइनवर हवा. सामायिक लाइनवर लावलात तर शेजाऱ्यांचं पाणी ओढाल आणि सोसायटीच्या सभेत तुमचाच विषय निघेल. वीज गेल्यावरही पाणी यावं म्हणून पंपाला वळसा घालणारी बायपास लाइन, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह (पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप), मागून घ्या. फ्लश गळत असेल तर पंप रात्रभर चालू-बंद होत राहील. गळती आधी काढा. साधा, बिनदाबाचा सोलर हीटर असेल तर त्याच्या टाकीत पंपाचं पाणी सोडू नका, आणि फक्त थंड लाइनला पंप लावाल तर गरम-थंड मिक्सर नळात थंड पाणी गरम पाण्याला मागे ढकलेल. तिथे गरम लाइनला, गरम पाणी सोसणारा वेगळा पंप लागतो.

टाकी उचलण्यात वीज नाही, आवाज नाही. पण एक मीटर चढवून मिळतो 0.1 बार, आणि हजार लिटर म्हणजे टनभर वजन, जे कॉलम-बीमवरच यायला हवं. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटी दोघांचा होकार लागतो. टाकी तशीही बदलायची असेल तरच हा विचार करा.

महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं या तुलनेत येतच नाही. ते बेकायदा आहे, मोटर जप्त होते, आणि लाइन रिकामी असताना गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते.

भाड्याच्या घरात असाल तर यातलं काहीच करू नका. कमी दाबावर चालणारा लहान शॉवर घ्या आणि घर सोडताना काढून न्या.