धामणगाव–वर्धा रेल्वे पास: सहा महिन्यांचा अनुभव (जास्त करून दुपट्ट्याबद्दल)

पास मी हौसेनं काढला नाही. ऑगस्टात बाइकची टायमिंग चेन गेली. दुरुस्तीवाल्यानं (नाव लिहीत नाही, त्याच्याकडे परत जायची वेळ येणारच आहे) "पार्ट नागपूरहून येते भाऊ" म्हणत बावीस दिवस गाडी उभी ठेवली आणि बिलात न विचारता क्लचप्लेटही घातली. तोवर नोकरी तर करायची, म्हणून महिन्याचा पास घेतला. आता फेब्रुवारी संपत आलाय. बाइक नीट होऊन अंगणात उभी आहे, तिच्या सीटवर कोंबडी बसते.

पैशाचं आधी सांगतो. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. बाइकच्या तीन दिवसांच्या पेट्रोलात पॅसेंजरचा महिन्याचा पास निघतो आणि वर चहाचे उरतात. तीन महिन्यांचा काढला तर पैसे तिप्पट नाही, २.७ पट लागतात. हे कळल्यावर पहिल्या महिन्यात वेडेपणा केला असं वाटून दोन दिवस चुकचुकत होतो. सुपरफास्टला सरचार्ज वेगळा, आरक्षित डब्यात पाय ठेवू नका, बाकी पासाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे दुपट्ट्याबद्दल, म्हणजे जागा धरायला सीटवर टाकतात त्या गमछाबद्दल.

अपडाऊनवाल्यांना समजलंच असेल. माणूस चढणार चांदूरला, पण त्याचा दुपट्टा बडनेऱ्यापासून बसून येतो. मी धामणगावला चढतो तेव्हा दुपट्टे, डब्याच्या पिशव्या, एकदा तर नुसता चष्म्याचा डबा, सगळे आरामात बसलेले आणि पास खिशात असलेला मी दारात उभा. "इथं सीट हाये जी." कोणाची? "येते ना, पुलगावले." पहिल्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर दोन स्टार दिले असते, त्यातला एक पेट्रोलचा.

ऑक्टोबरात हिशेब बदलला, कारण एकदाची खिडकी मिळाली. तळणी मागे पडलं की वर्धा नदीचा पूल येतो, अमरावती जिल्हा सुटतो आणि पुलावर चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो. त्या आवाजाला लोक मोबाइलमधून मान वर काढतात, रोजचे असले तरी. मग तुरीचा पिवळा फुलोरा, पुढे डिसेंबरात फुटलेला कापूस. बाइकवर असताना याच भागात मला फक्त खड्डे दिसायचे. थंडीत एक लक्षात ठेवा: जाताना उजवीकडची खिडकी, येताना डावीकडची. दोन्ही वेळा ऊन दक्षिणेकडूनच, स्वेटर बॅगेतच राहते.

पुलगावला एक म्हातारबा चढतात. आर्वीच्या छोट्या गाडीचा विषय रोज काढतात. पस्तीस किलोमीटर, अडीच फुटी रूळ, ती गाडी बंद झाली याचा राग ते आमच्यावर काढतात. समोर सांबाराच्या (म्हणजे कोथिंबिरीच्या) जुड्यांची टोपली घेतलेली बाई असते, तिच्यामुळे डब्याला स्वयंपाकघराचा वास. जुडी तिच्याकडून घेतो, वर्ध्याच्या बाजारापेक्षा स्वस्त पडते.

आता कबुली. जानेवारीत मीही दुपट्टा विकत घेतला, एकशे वीस रुपये. संध्याकाळची गाडी वर्ध्यातूनच सुटते, म्हणून खिडकीवर तो टाकून चहाला उतरलो. परत येतो तर एक गृहस्थ तो घडी करून मांडीवर घेऊन माझ्या जागेवर बसलेले. "तुमचा का? चांगला हाये, सांभाळा." बोलायला तोंड नव्हतं, दुपट्टा टाकून जागा होत नाही हेच भाषण मी चार महिने लोकांना देत होतो. दहेगाव गेलं, कवठा गेलं, मी उभाच. पुलगाव यायच्या आधी ते सरकले, चौथी सीट झाली आणि त्यांनी संत्रा सोलून अर्धा पुढे केला.

आंबट होता. पण फुकटचा, म्हणून बियांसकट खाल्ला.