वडलोपार्जित वावर: नुसतं कलम धरायचं का सुप्रीम कोर्टाचा निकाल?

मामेबहिणीचा परवा फोन आला. वडील 2003 मधी गेले, आजोबापासूनचं पाच एकर वावर, अन् भाऊ म्हणते कायदा 2005 चा आहे, तुले काही लागत नाही. तिच्याजवळ हिंदू वारसा कायद्याच्या कलम 6 ची झेरॉक्स आहे अन् विनीता शर्मा खटल्याचा निकाल बी आहे, आता कशाच्या भरवशावर बोलायचं?

आधी स्पष्टता पाहा. कलम म्हणते मुलीचा हक्क जन्मानंच, पण बाप 9 सप्टेंबर 2005 ले, म्हणजे ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, जिवंत पाहिजे का, हे त्यात सरळ लिहिलंच नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाच्या 2015 च्या निकालात पाहिजे म्हटलं, 2018 मधी वेगळा सूर निघाला अन् खाली लोक लटकले. 11 ऑगस्ट 2020 ले विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांनी सांगून टाकलं, गरज नाही. मले तर हा निकाल धुऱ्यावरच्या दगडासारखा वाटते, आता खालचं कोणतं कोर्ट सरकवू शकत नाही म्हणून बरं वाटते.

टिकाऊपणात बी निकालच भारी, घटनेच्या कलम 141 नं तो सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे. वाचायले दोन्ही फुकट.

पण ताई, कलम सोडू नको. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर किंवा कोर्टाची वाटणी झाली असन तर ती कायम राहते, हे तिथंच आहे. नुसती तोंडी वाटणी कोर्ट सहसा मानत नाही.

जुनी कागदोपत्री वाटणी असन त्यानं आधी कलम पाहावं, अन् फक्त बापाच्या मरणाची तारीख आड येत असन तर निकालच वकिलासमोर ठेवावा.