देवीप्रतिबंधक औषधाची परीक्षा: मद्रासमधील माणसे की प्रयोगशाळेतील प्राणी

देवीच्या रुग्णाच्या सहवासात आलेल्यांना औषध देऊन आजार टाळता येतो का, हे पाहण्याचे दोन मार्ग आजवर वापरले गेले आहेत.

पहिला मार्ग प्रत्यक्ष साथीतला. १९६३ मध्ये मद्रासमध्ये रुग्णांच्या सहवासातील लोकांना मेथिसाझोन दिले गेले, तेव्हा औषध घेतलेल्या १,१०१ जणांपैकी ३ जणांना, तर न घेतलेल्या १,१२६ पैकी ७८ जणांना देवी आल्या. आकडे डोळे दिपवणारे असले, तरी कोणाला औषध मिळाले हे लपवलेले नव्हते; पुढे पाकिस्तानात दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे खरे औषध कोणाला मिळाले हे घेणाऱ्यालाही आणि तपासणाऱ्यालाही कळू न देता, चाचण्या झाल्या, तेव्हा हा लाभ टिकला नाही. शिवाय औषधाने उलट्या होत, हा त्रास वेगळाच.

दुसरा मार्ग नाइलाजाचा आहे, कारण १९८० मध्ये देवीचे निर्मूलन जाहीर झाल्यावर रुग्णच उरले नाहीत. त्यामुळे टेकोव्हिरिमॅट या विषाणूरोधी औषधाचा परिणाम देवीच्या जवळच्या आजारांवर, म्हणजे मंकीपॉक्सची लागण केलेल्या माकडांवर आणि रॅबिटपॉक्सग्रस्त सशांवर तपासला गेला, सुरक्षितता निरोगी स्वयंसेवकांवर पाहिली गेली आणि २०१८ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. तीही उपचारासाठी, प्रतिबंधासाठी नव्हे. येथे विषाणूची मात्रा आणि औषधाची वेळ काटेकोर ठरवता येते, ही मोठी सोय. मात्र काँगोमधील एमपॉक्सच्या (मंकीपॉक्सचेच नवे नाव) रुग्णांत हेच औषध पुरळ लवकर बरे करू शकले नाही, हे २०२४ मध्ये दिसले. म्हणून माझा कल अंध पद्धतीच्या मानवी चाचणीकडे आहे, जिथे ती शक्य असेल तिथे.