डुकरांच्या खोकल्याची पीसीआर: मशीन चोख, रिपोर्ट मुका (५ पैकी ३ स्टार)

साखळीजवळ आमची छोटी पिगरी आहे, चाळीसेक जनावरं. ऑगस्टात पावसाचा जोर असताना पिल्लं खोकायला लागली, दोन मेली, म्हणून गोव्याबाहेरच्या एका प्रायव्हेट लॅबला पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) सॅम्पल पाठवले. नाव नाही घेत.

बुकिंग व्हॉट्सॲपवर झटपट झालं. पण स्वॅब कुठून घ्यायचा हे कोणी बोललंच नाही, मग आम्ही आपल्या अकलेने पाच पिल्लांच्या नाकात काड्या फिरवल्या आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून धाडल्या. चार दिवसांनी रिपोर्ट आला, ग्लेसरेला पॅरासुईस पॉझिटिव्ह, स्ट्रेप्टोकोकस सुईस पॉझिटिव्ह, मायकोप्लाझ्मा निगेटिव्ह. खाली सही-शिक्का, बस्स. मी घाबरून सगळ्यांनाच अँटिबायोटिकची इंजेक्शनं मारून घेतली.

आमचे गुरांचे दोतोर (डॉक्टर) रिपोर्ट बघून हसलेच. म्हणाले, अरे बाबा, हे दोन्ही जंतू धडधाकट डुकराच्या नाका-टॉन्सिलातसुद्धा असतात, नाकात सापडले म्हणजे छातीतला आजार त्यांचाच असं नाही. आणि मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी चिकटून असतो श्वासनळीतल्या बारीक केसांना, जिवंत जनावराच्या नाकाच्या स्वॅबात तो बऱ्याचदा येतच नाही, म्हणजे ते निगेटिव्हही काही खरं नाही. लॅबला फोन करून सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीला जंतू दिसला तो आकडा) विचारला तर ग्लेसरेलाचा ३५ निघाला. हा आकडा जितका मोठा तितका जंतूचा डीएनए कमी, साधारण ३.३ ने वाढला की दहापट कमी. मग रिपोर्टात का नाही छापला? तर म्हणे कोणी मागत नाही!

तिसरं पिल्लू मेलं तेव्हा दोतोरांनीच कापून बघितलं. फुफ्फुसाच्या मागच्या भागात काळपट लाल, कलेजीसारखा घट्ट डाग, वर पिवळट साय. तिथलाच तुकडा पाठवला, तर ॲक्टिनोबॅसिलस प्लूरोन्यूमोनी हा जंतू निघाला, सीटी २१. आता डाग आणि आकडा दोन्ही एकच सांगत होते, आजार याचाच. औषध कुठलं लागू पडेल ते मात्र पीसीआर सांगत नाही, त्याला कल्चर लावावं लागतं, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघावा लागतो, आणि कल्चरात काहीच उगवलं नाही कारण आधीची माझी इंजेक्शनं. पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनएही चालतो, कल्चरला जिवंत लागतो.

एक स्टार कापला सीटी न छापल्याबद्दल, दुसरा स्वॅबबद्दल काहीच न सांगितल्याबद्दल. थर्माकोलचा डबा परत पाठवतो म्हणाले होते, तो अजून यायचाच आहे.